नाक मोकळं होईपर्यंत

"मान खाली सोड. आणखी सोड. अन् आता बोलू नको."

मी बाजेवर उताणी पडले होते. डोकं कडेवरून खाली लोंबत होतं, त्यामुळे छपराची कवेलू, भिंतीवरचं कॅलेंडर आणि माझ्या डोक्याशी पाटावर बसलेली सासू, सगळं उलटं दिसत होतं. नवरा तिला माय म्हणायचा, म्हणून लग्नानंतर मीही माय म्हणू लागले होते. मायच्या हातात कोमट तुपाची वाटी होती. कापसाची वात तुपात बुडवून ती माझ्या नाकपुडीवर धरायची आणि दोन बोटांनी हळूच पिळायची. तूप नाकातून वर चढायचं आणि मागच्या मागे घशात उतरायचं. ते गिळायचं नाही, थुंकायचं. थुंकून होईपर्यंत हसायचं नाही, शिंक आली तर दाबायची नाही पण मुद्दाम काढायचीही नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. हे नियम तिनं अचलपूरच्या एका म्हाताऱ्या वैद्याकडून ऐकून आणले होते आणि ती ते फौजदारासारखे पाळून घ्यायची.

तुपाच्या आधी कपाळाला आणि गालांना सुंठेचा कोमट लेप, तो वाळला की पुसून ओव्याची वाफ. सकाळी कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुणं वेगळंच. आणि सगळ्यात शेवटी परीक्षा. "डोये मीट," म्हणायची आणि नाकाशी काहीतरी धरायची. कधी हिंगाची डबी, कधी सोललेला लसूण, कधी कापूर.

"येते का वास?"

मी मान हलवून नाही म्हणायची.

"बरं. उद्या पाहू."

परतवाड्यातला तो उन्हाळा होता. होळीच्या आठवड्यात माझा नवरा गेला होता. दिवाकर एका आरामशीनवर कामाला होता. मेळघाटातून सागाचे ओंडके यायचे, ते चिरून फळ्या पाडायच्या. त्या दिवशी तो ट्रकबरोबर धारणीकडे गेला आणि घाटात ट्रक उलटला. आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

मी रडले नाही. रडायचं नाही असं काही मी ठरवलं नव्हतं. बायका येऊन गळ्यात पडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची, पाणी विचारायची. अंघोळ करायची, भाकरी थापायची, ताट वाढलं की जेवायची. आतून काही हलत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तशी मी सगळीच माझी वाटत नव्हते. गल्लीतल्या बायका एकमेकींना म्हणायच्या की पोट्टी दगडाची हाये, आणि मला ते ऐकूही यायचं. राग यायला हवा होता, तोही येत नव्हता.

त्यातच तो कपड्यांचा प्रकार झाला. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवायचे नसतात. तेराव्याआधी माझे थोरले दीर पुंडलिकभाऊ दिवाकरचे कपडे गाठोड्यात बांधायला बसले. त्याची आत्या तिथंच होती. तिनं एक शर्ट ओढून घेतला, तोंडावर धरला आणि हंबरडा फोडला की लेकराचा वास हाये वं अजून. मग तोच शर्ट तिनं माझ्या तोंडाशी आणला. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आता तरी ही फुटेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मी शर्ट नाकाशी धरला. सुती कापड गालाला लागलं, एवढंच. मी तो घडी करून पुंडलिकभाऊंना परत दिला. आत्यानं पुढे कितीतरी दिवस ती गोष्ट गावभर सांगितली.

दुपारी सगळे पांगल्यावर माय माझ्याजवळ येऊन बसली.

"तुले वास येत नाई?"

"नाही. सायनस आहे मला. शाळेत असल्यापासून."

"कशाचाच नाई?"

"कशाचाच."

"दिवाकरचा?"

"कधीच नाही."

ती उठून आत गेली.

माझं पडसं ही माझ्या माहेरी, अकोल्याला, घरातल्या माणसासारखी गोष्ट होती. कपाळ ठणकणं, रात्री तोंडानं श्वास घेणं, रुमालांचा ढीग, हे सगळं आईनं देवाची देणगी म्हणून सोडून दिलं होतं. अमरावतीच्या डॉक्टरांनी नाकात मांस वाढलंय, ऑपरेशन करावं लागेल, असं सांगून एक फवारा लिहून दिला होता. तो मी आठवण झाली की मारायची. लग्न ठरताना मुलीचा रंग, उंची, शिक्षण सगळं विचारतात. हिला वास येतो का, असं कोणी विचारत नाही. आणि आपण होऊन सांगावं असंही ते काही नव्हतं. दिवाकरला मात्र लवकरच कळलं. त्यानं मोगऱ्याचा गजरा आणला होता, मी छान आहे म्हटलं, आणि त्यानं विचारलं, मग तो उशीखाली का टाकलास? मी खरं ते सांगितलं. तो खूप हसला. म्हणाला, बरंच झालं बाप्पा, आमच्यासारख्याचा संसार सुखाचा होईल.

तर दुसऱ्या दिवसापासून मायनं माझं नाक हातात घेतलं.

सुरुवातीला मला वाटलं, म्हातारीला दुःखात काहीतरी उद्योग हवा आहे. तशी ती उद्योगीच होती. गोधड्या उन्हात टाकायच्या, ट्रंकेतल्या कपड्यांत वेखंडाचे तुकडे ठेवायचे, डाळींना एरंडेल चोळायचं, बी-बियाणं राखेत घालून डब्यात भरायचं, असं तिचं सारखं काही ना काही टिकवणं चाललेलं असायचं. आता त्यात माझ्या नाकाची भर पडली. ताक बंद झालं. घर कोरड्या केरसुणीनं झाडणं बंद झालं, फरशी ओल्या फडक्यानंच पुसायची. आणि वैशाखात, जेव्हा परतवाड्यात दुपारी कावळासुद्धा बाहेर पडत नाही, तेव्हा तिनं कूलर बंद केला.

त्या ओल्या ताट्यांची हवा तुझ्या कपाळात साठते, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मी स्वयंपाकघरात झोपते, तुम्ही तरी लावून घ्या. तिनं ऐकलं नाही. ओलं फडकं डोक्यावर घेऊन, हातानं पंखा हलवत ती भिंतीशी टेकून बसायची. तिच्या मानेवर घामोळ्यांचे चट्टे उठले होते. शेजारच्या शोभावहिनी म्हणाल्या की सुनेच्या नाकापायी तुम्ही जीव द्याल एखाद्या दिवशी. त्यावर माय म्हणाली की उद्या ही माहेरी जाईल, तर लोक म्हणतील दोन वर्षांत पोरीचं नाक गळकं करून पाठवलं. ते कारण मला पटलं. माझ्या डोक्याला तेव्हा कुठलंही कारण पटायचं.

माहेरी जायचं हे जवळजवळ ठरलंच होतं. माझा मोठा भाऊ, अरविंददादा, वैशाखातच येऊन गेला होता. अकोल्याच्या एका खाजगी शाळेत त्यानं माझ्यासाठी शब्द टाकला होता. प्राथमिकची एक शिक्षिका सोडून जाणार होती. शाळा उघडायच्या दिवशी मी हजर पाहिजे होते, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला मिळणार होती. दादा म्हणाला, आताच चल. माय ओसरीवरच बसली होती.

"नाक मोकळं होऊ दे तिचं," ती म्हणाली. "मंग नेजा."

दादानं समजावून सांगितलं की अकोल्यालाही डॉक्टर आहेत, वाफाराही घेता येतो. माय सगळं ऐकून घेऊन पुन्हा तेच म्हणाली. नंतर दादा मला अंगणात घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "कुंदा, नाक-बिक काही नाही. त्यांना हाताखाली माणूस पाहिजे. आज नाक आहे, उद्या कान काढतील. तुला इथं राहायचंय का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

हे उत्तर मी टाळायला म्हणून दिलं नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं. इथं राहिले असते तर राहिले असते, तिथं गेले असते तर गेले असते. दादा वैतागला. शाळा उघडायच्या आदल्या रविवारी येतो, म्हणाला, नाक मोकळं असो की चोंदलेलं, तुला घेऊनच जाणार.

त्यानंतर मायनं तूप दोन वेळा सुरू केलं.

आता एक सांगायला हवं. दिवाकर गेल्यापासून माय त्याचं नाव घेत नसे. जेवताना नाही, दिवा लावताना नाही, कोणी भेटायला आलं तरी नाही. पण मी बाजेवर उलटी पडले आणि माझ्या नाकात तूप गेलं की ती बोलायला लागायची. माझं तोंड बंद, डोळे छपराकडे, घशात तूप. मी काही विचारू शकत नव्हते, हुंकार देऊ शकत नव्हते, तिचा चेहराही मला धड दिसत नव्हता. बहुधा तेच तिला सोयीचं होतं. माझ्या कपाळावर अंगठे फिरवत ती सांगायची की तो लहानपणी भुशाच्या ढिगात झोपून जायचा, की त्याला दुधावरची साय चालत नसे, की बाप मेल्यावर अकराव्या वर्गातून तो स्वतःच दप्तर ठेवून आरामशीनवर गेला. सगळं सपाट आवाजात, जसं काही शेजारणीच्या मुलाबद्दल सांगते आहे.

एकदा ती त्याच्या वासाबद्दल बोलायला लागली.

"त्याच्या बापाच्या आंगाले नुस्ता लाकडाचा वास. याचा तसा नवता. लाकूड होतं, पन त्यात आणखी कायतरी होतं. घाम म्हनावं तं घाम नाई." अंगठे थांबले. "कशासारखा सांगू तुले? ओल्या सागासारखा. नाई, तसाबी नाई." अंगठे पुन्हा फिरले. "लहान होता तवापासून तोच. गर्दीत डोये मिटून उभी केली असती तं मी त्याले काढला असता."

मग वात पुन्हा तुपात बुडवत ती म्हणाली, "तू आली तवापासून थो मांगच्या दारानं यायचा. आधी न्हानीत, मंग घरात. मी म्हनलं, काहून रे, नवरी आली तं लय साफ झाला. तं म्हने, माय, तिले भुसा सहन होत नाई, शिंका येते. कपडेबी तिच्या कपड्यात टाकू नको म्हने, येगळे धू."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, माझा नवरा टापटिपीचा आहे. संध्याकाळी तो समोर यायचा तो ओल्या केसांनी, धुतलेल्या बनियनमध्ये. मैत्रिणींना मी कौतुकानं सांगायची की आमच्याकडे कामावरून आलेला माणूससुद्धा परीटघडीचा असतो.

मला बोलायचं होतं. काय ते ठाऊक नाही, पण काहीतरी. घशात तूप होतं. ते उतरेपर्यंत वाट पाहिली, उठले, अंगणात जाऊन थुंकले. आणि परत आले तेव्हा बोलायचं उरलं नव्हतं. दुपारी मी न्हाणीच्या मागे जाऊन उभी राहिले. तिथं खुंटीवर त्याचा पंचा असायचा, आता नुसती खुंटी होती. मी वाट पाहिली. काही झालं नाही. चटके बसायला लागले तशी आत आले.

दिवस तसेच जात राहिले. कपाळाचा ठणका कमी झाला होता, हे खरं. मी तोंड मिटून झोपू लागले होते. डॉक्टरांचा फवाराही माय घड्याळ लावल्यासारखा मारायला लावायची, त्यामुळे गुण कशाचा हे आजही मला सांगता येणार नाही. पण वास येत नव्हता. हिंग नाही, लसूण नाही, कापूर नाही.

रविवार उजाडला. सकाळी तिनं शेवटचं तूप घातलं. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. परीक्षेला तिनं एकामागून एक सगळंच काढलं, हिंग, लसूण, कापूर, कांदा, राळ, चहाची पत्ती, निलगिरीचं तेल. मी डोळे मिटून मान हलवत राहिले. डोळे उघडले तेव्हा ती वाटी मांडीवर ठेवून बसली होती.

"जाय मंग, बाई," ती म्हणाली. "माह्या हातात नाई दिसत."

दादा अकराच्या एस.टी.नं आला. माझी सुटकेस भरलेली होती, एक पिशवी तेवढी राहिली होती. माय त्याच्याजवळ ओसरीवर बसली. दादाचा सूर यावेळी मऊ होता, त्याला जिंकल्यासारखं वाटत असावं. मधूनमधून येईल ती तुम्हाला भेटायला, वगैरे तो बोलत होता. चुलीवर चहासाठी दूध ठेवलं होतं. मी आतल्या खोलीत पिशवीत साड्या घालत होते.

आणि मला कसंतरी झालं. नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मध्ये, काहीतरी टोचल्यासारखं. मी मान वर केली. ते गोडूस होतं, कडवट होतं. एवढ्या वर्षांनी भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव आठवत नाही, तसं झालं. मग नाव आठवलं.

"माय, दूध लागलं," मी आतूनच म्हटलं.

ओसरीवरचं बोलणं बंद झालं. माय दारात आली. चुलीकडे तिनं पाहिलंही नाही.

"काय म्हनलं तू?"

"दूध लागलं खाली. वास येतोय."

ती चुलीशी गेली, पातेलं उतरवलं, झाकण काढून पाहिलं. दूध खरंच लागलं होतं. ती हिंगाची डबी घेऊन आली, माझ्या डोळ्यांवर हात ठेवला आणि डबी नाकाशी धरली. हिंग असा डोक्यात गेला की मी मागे सरकले.

मग तिनं मधलं दार लावून घेतलं. दादा तिकडून काय झालं, काय झालं, विचारत होता. तिनं कडी घातली. स्टूल ओढून ती फडताळाच्या वरच्या फळीपर्यंत पोचली आणि तिथला एक पत्र्याचा डबा काढला. तो डबा मी रोज पाहायची. झाकणाच्या कडेनं कणकेची पट्टी लावून बंद केलेला, कणीक वाळून दगडासारखी झालेली. बियाण्याचा आहे, हात लावू नको, असं तिनं सांगून ठेवलं होतं.

तिनं उलथण्याच्या टोकानं कणीक फोडली. झाकण निघेना. दोघींनी धरून ओढलं.

आत दिवाकरचा निळ्या चौकड्यांचा शर्ट होता.

"आदल्या दिवशीचा," माय म्हणाली. "धुवाचा रायला होता. पुंडलिकले नाई देल्ला मी. तू म्हनली कधीच वास नाई आला, तवा हा डब्यात घातला." ती धापा टाकत होती. "एकदाबी उघडला नाई. मले लय वाटे. पन उघडलं का वास उडते. घे. आधी तू घे."

मी शर्ट हातात घेतला आणि तोंड त्यात खुपसलं.

वास आला. भरभरून आला. उग्र, थोडा गोड, मातीतून नुकत्याच उपटलेल्या मुळासारखा. लाकडासारखा, पण नुसत्या लाकडाचा नाही, त्यात आणखी काहीतरी. मायनं सांगितलं होतं तसाच. मी इतके दिवस ज्याच्या शेजारी झोपले त्याची ही पहिली भेट होती. मी जमिनीवर बसले आणि रडले. असा आवाज माझ्यातून निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. दादा दार ठोठावत होता. माझं नाक पुन्हा भरून आलं, वास जायला लागला, तशी मी घाईघाईनं आणखी श्वास घेत राहिले.

केव्हातरी मायनं शर्ट माझ्या हातातून हळूच सोडवून घेतला. आता तिची पाळी होती. तिनं तो नाकाशी धरला आणि मोठा श्वास घेतला. मग पुन्हा एक घेतला. शर्ट उलटा करून तिनं काखेजवळ नाक नेलं, मग कॉलरपाशी नेलं, मग बाहीच्या टोकापाशी. आणि तशीच उभी राहिली.

"हाच ना, माय?" मी विचारलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. माझा चेहरा ओलाचिंब होता, केस तोंडावर आले होते.

"हाच वं," ती म्हणाली. "असाच येत होता त्याचा वास."

तिनं शर्टाची घडी घातली. डब्यात वाकून काहीतरी उचललं, मुठीत घेतलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. कणकेचा तुकडा असेल, असं मला वाटलं. मग शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं माझ्या सुटकेसमध्ये ठेवला आणि दार उघडून दादाला म्हणाली, "ने आता. झालं नाक मोकळं."

मी अकोल्याला आले. शाळेत लागले. मुलांच्या डब्यातली लोणची, ओली दप्तरं, खडू, सगळ्याला वास होता, आणि मी पुष्कळदा काही कारण नसताना रडायची. पण ते रडणं बरं होतं. नाक मधूनमधून चोंदायचं, मी मिठाच्या पाण्यानं धुवायची, तूप घालायची, पुन्हा सुटायचं. शर्ट कपाटात होता. वास उडेल म्हणून मी तो क्वचितच काढायची. काही वर्षांनी माझं दुसरं लग्न झालं. विद्याधरना मी शर्टाचं सांगितलं होतं. ठेव की, म्हणाले, कपाट मोठं आहे.

मुलगी झाली तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. पहिल्या अंघोळीनंतर आई सहाण घेऊन बसली, किराणा दुकानातून आणलेली पुडी सोडली, एक गाठाळ मूळ काढलं आणि पाण्याचा थेंब टाकून उगाळायला लागली.

खोलीत दिवाकर आला.

दुसऱ्या कुठल्याही शब्दांत मला ते सांगता येत नाही. उग्र, थोडा गोड, मातीतून नुकत्याच उपटलेल्या मुळासारखा. बाळाला मांडीवर सावरत मी वळले.

"आई, हे काय आहे?"

"वेखंड. टाळूला लावते तिच्या, सर्दी होऊ नये म्हणून." मग तिचा चेहरा फुलला. "आज नाक सुटलंय तुझं? वास येतोय?"

"येतोय," मी म्हटलं.

बाळाला पाजताना मी ते सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आणलं. कसर लागू नये म्हणून तिनं शर्टात वेखंड घातलं असणार. प्रत्येक ट्रंकेत घालायची, त्याच हातानं, विचार न करता. मग कणकेनं डबा बंद केला, आणि त्या उन्हाळाभर, बंद डब्यात, वेखंडानं दिवाकरचा वास गिळून टाकला. तिला ते कळलं होतं. पहिल्या श्वासाला कळलं होतं. दुसरा तिनं खात्री करायला घेतला, मग काख, मग कॉलर, मग बाही. तिचा मुलगा कुठंच नव्हता. तिनं स्वतः एकदाही डबा उघडला नव्हता, माझ्यासाठी. आणि समोर मी बसले होते, होळीपासून पहिल्यांदा रडत, तिला विचारत, हाच ना?

घरी परतल्यावर मी शर्ट काढला. त्याला आता कसलाच वास नव्हता. मी दुकानात जाऊन वेखंड आणलं, एक तुकडा फडक्यात बांधून शर्टाच्या घडीत ठेवला.

मुलगी चालायला लागल्यावर तिला घेऊन परतवाड्याला गेले. माय वाकली होती, नजरही कमी झाली होती. मुलीला मांडीवर घेऊन तिनं तिचं डोकं हुंगलं. चहा झाला, पुंडलिकभाऊंच्या मुलांची चौकशी झाली. मग ती म्हणाली, "अन् थो शर्ट?"

मी तो नेलाच होता. पिशवीतून काढून तिच्या हातात दिला. तिनं नाकाशी धरला, एकच श्वास घेतला. तिची बोटं घडीतून फिरली आणि आतल्या पुरचुंडीवर येऊन थांबली. फडकं नवं होतं.

"वास हाये अजून?" ती म्हणाली.

"आहे, माय. तसाच."

मुलगी तिच्या पदराचं टोक ओढत होती. मग तिनं शर्टाची घडी पुन्हा नीट घातली, पुरचुंडी मधोमध ठेवली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "वेखंड दर साली बदलत जाय वं. जुनं झालं का वास जाते."

"बदलते, माय."

तिनं मान डोलावली. मग मला दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसवलं, हनुवटीला धरून माझी मान वर केली, आणि नाक मोकळं आहे ना, ते पाहिलं.